ओदिल आल्याचं कळत नाही

ओदिल पेरिशूची डिझेलची गाडी शेवटी बंद पडली ती एका अंत्ययात्रेत. वारलेले गृहस्थ ओदिल ज्या म्हाताऱ्यांचं करायला जायची त्यांच्यातलेच एक होते, आणि चर्चकडून कब्रस्तानाकडे निघालेल्या रांगेत तिची गाडी शेवटून दुसरी होती. चढ लागला तशी गाडीने आधी काळा धूर सोडला, मग पांढरा, आणि मग ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून सरपंच येत होते. ते खाली उतरले आणि टोपी काढून हातात धरून उभे राहिले. टोपी मयतासाठी काढली की गाडीसाठी, हे कळायला मार्ग नव्हता.

गॅरेजवाल्या रेजिसने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि परत लावून टाकलं.

"काय झालंय?" ओदिलने विचारलं.

"वय झालंय."

"दुरुस्त होईल ना?"

"करून देईन की. पण मग पुढच्या महिन्यात तुम्ही मला शिव्या द्याल. त्यापेक्षा आत्ताच द्या आणि मोकळ्या व्हा."

ओदिलने शिव्या दिल्या नाहीत. गाडीतून आपला एप्रन, सपाता आणि नखं कापायची कात्री काढून घेतली आणि ती बसने घरी गेली. त्या पठारावर बस रोज नसते. त्या दिवशी होती, एवढंच काय ते चांगलं झालं.

ओदिल तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. फ्रान्सच्या क्रूझ जिल्ह्यातल्या या पठारावरच ती जन्मली, गाईंच्या शेणात वाढली आणि विशीत बुटांच्या कारखान्यात तळवे शिवायला लागली. तिथे तिला इवों भेटला. लग्न झालं. कारखाना बंद पडला तेव्हा इवोंला दूर क्लेर्मों शहरात टायरच्या कारखान्यात काम मिळालं. ओदिलची आई नेमकी अंथरुणाला खिळलेली, म्हणून ओदिल मागे राहिली. इवों आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एखाद्या रविवारी, आणि मग त्याच्या वकिलाचं पत्र आलं. त्या दिवसांबद्दल कोणी विचारलंच तर ओदिल सांगते, "रस्ता लांबचा होता."

आई बरीच वर्षं टिकली. तिला उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, तिची बोलणी खाणं, यात ओदिल इतकी तयार झाली की आई गेल्यावर घरोघरी मदतनीस पाठवणाऱ्या संस्थेने तिला दुसऱ्याच आठवड्यात कामावर घेतलं. तेव्हापासून ती इतरांच्या आईबापांचं करते. पठारावर एक घर या टेकाडावर तर दुसरं त्या, त्यामुळे तिचा अर्धा दिवस गाडीत जातो. गाडी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर गाडी कुठून येणार, या कोड्यात ती सापडली होती, तेव्हा संस्थेच्या ऑफिसातल्या व्हिर्जिनीने तिला बोलावून घेतलं. व्हिर्जिनी तिशीतली, सगळ्यांच्या वेळा लावून देणारी, आणि त्यामुळे सगळ्यांची बोलणी खाणारी.

"ओदिल, सरकारची योजना निघालीय. विजेची गाडी भाड्याने मिळते. तीन वर्षं चालवायची आणि परत द्यायची. किमतीतला मोठा वाटा सरकार भरतं, त्यामुळे महिन्याचं भाडं अगदी कमी."

"आणि देतात कोणाला?"

"ज्यांची कमाई कमी आहे आणि कामासाठी गाडी पुष्कळ चालवावी लागते त्यांना."

ओदिलने जरा विचार केला. सरकारला जे हवं ते सगळं आपल्याकडे आहे, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

योजनेवर देशभरातून अशा उड्या पडल्या की दीडेक महिन्यात सरकारने ती त्या वर्षापुरती बंद करून टाकली. ओदिलचा नंबर त्याआधी लागला होता. वसंतात गाडी आली. लहानशी, औषधाच्या गोळीसारख्या फिक्या हिरव्या रंगाची. पावाची गाडी चौकात यायची तेव्हा जमणाऱ्या माणसांनी ती चारी बाजूंनी पाहिली.

"थंडीत चालत नाही म्हणे," सरपंच म्हणाले.

"थंडीत तुमचीही चालत नाही," पाववाली म्हणाली.

ओदिल राहायची ती बंद पडलेल्या लोकरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथून वायर खाली सोडून गाडी चार्ज करणं शक्य नव्हतं. पंचायतीने बैठक घेऊन गावच्या समारंभाच्या हॉलमागचा सॉकेट तिला वापरायला दिला, विजेचे पैसे वेगळे. उद्या सगळ्याच गावाने विजेच्या गाड्या आणल्या तर काय करायचं, असं एका सदस्याने विचारलं. त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं. गावात अजूनही दुसरी विजेची गाडी नाही. अडचण फक्त पत्त्यांच्या डावाच्या शनिवारी यायची. हॉलमध्ये धिरड्यांचे तवे लागले की फ्यूज उडायचा, मग कोणीतरी बाहेर येऊन गाडीची वायर काढून ठेवायचं. अशा रविवारी ओदिल पायी चर्चला जायची.

पण खरी भानगड वेगळीच झाली. गाडीला आवाज नव्हता. अगदी हळू चालवली की ती बारीक गुणगुणायची, पण ती गुणगुण ऐंशीच्या पुढच्या कानाला लागत नव्हती. जुनी डिझेलची गाडी खाली ओढ्याच्या पुलावर आली की वरच्या वाडीला कळायचं. आता ओदिल थेट दारात उभी असायची.

पहिल्याच आठवड्यात साखरेच्या आजाराचे म्हातारे मस्यू तिक्सिए तिला मुरंब्याच्या बरणीत चमचा घालून बसलेले दिसले. बरणी बाजूला ठेवायला त्यांना नेहमी चांगला वेळ मिळायचा, आता तो मिळाला नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चमचा तोंडात होताच, तो तसाच ठेवला, आणि म्हणाले, "चव बघत होतो. खराब झालाय का म्हणून."

"झालाय?"

"अजून नक्की कळलं नाही."

ओदिलने विषय सोडून दिला. म्हाताऱ्या माणसांना जरा गुपितं असावीत, असं तिचं मत होतं. शांतमेर्लची गोष्ट मात्र तिला लागली.

शांतमेर्ल ही जंगलाच्या कडेची वाडी. रस्ता तिथे संपतो. दोनच घरं, मध्ये परसबाग आणि एक झरा. एका घरात लेऑन्स मालाव्हाल, वय सत्त्याऐंशी, जन्मभर दुधाचा ट्रक चालवलेला, गुडघे गेलेला. दुसऱ्या घरात फेर्नांद ब्रूस, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, चाकांच्या आधाराशिवाय पाऊल न टाकणारी, निदान संस्थेच्या दप्तरी तरी. एकोणीसशे शहात्तरच्या दुष्काळात फेर्नांदच्या नवऱ्याने, आमेने, झऱ्याचं पाणी आपल्या गोठ्याकडे वळवलं आणि लेऑन्सची तीन वासरं मेली. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. आमे जाऊन पंधरा वर्षं झाली, पण अबोला तसाच. पठारावर ही गोष्ट शाळेतल्या कवितेसारखी सगळ्यांना पाठ होती.

ओदिल मंगळवारी आणि शुक्रवारी आधी लेऑन्सकडे जायची, मग फेर्नांदकडे. सहा वर्षं तिने हे फार सांभाळून केलं होतं. एकाचं नाव दुसऱ्यासमोर काढायचं नाही. लेऑन्स म्हणायचा, "त्या बाईची कोंबडी आली होती माझ्या वाफ्यात." फेर्नांद म्हणायची, "पलीकडच्या माणसाला खोकला झालाय, मला काय त्याचं." ओदिल दोन्हीकडे हं म्हणायची. एकदा तर तिने फेर्नांदने केलेला अक्रोडाचा केक बेकरीतून आणला म्हणून लेऑन्सला खायला घातला होता. लेऑन्सने दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "या बेकरीवाल्याचा हात चांगला आहे." ओदिलला दिवसभर बरं वाटलं होतं. एक ना एक दिवस आपण या दोघांना बोलतं करू, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि निघताना दर वेळी लेऑन्स म्हणायचा, "पोरी, तू आलीस की माणसाचा आवाज कानावर पडतो." तिला छप्पन्नाव्या वर्षी पोरी म्हणणारं दुसरं कोणी उरलेलं नव्हतं.

एप्रिलातल्या त्या मंगळवारी ओदिल अंगणात उतरली तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आतून आवाज येत होता.

"मान हलवू नकोस, कान कापला जाईल."

"जाऊ दे. तसाही एकच चालतोय."

लेऑन्स गळ्याशी टॉवेल बांधून खुर्चीत बसला होता. मागे फेर्नांद उभी होती, दोन्ही हात वर, एकात कंगवा, एकात कात्री. चाकांचा आधार कुठेही नव्हता. ती त्याला 'तू' म्हणत होती.

ओदिल दारात उभी राहिली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. कात्री थांबली.

"आज शुक्रवार आहे का?" फेर्नांदने विचारलं.

"मंगळवार."

"मग बरोबर आहे," फेर्नांद म्हणाली. "आजच यायचं असतं तुम्हाला."

लेऑन्सचे डाव्या बाजूचे केस कापून झाले होते, उजव्या बाजूचे नव्हते.

"पूर्ण करा," ओदिल म्हणाली, "असं अर्धवट बरं दिसत नाही." आणि तिने बादली उचलली.

फरशी पुसताना तिला सगळं कळलं. बारा वर्षांपूर्वी मोठ्या बर्फात वीज गेली, तेव्हा फेर्नांद काडेपेटी मागायला आली. काडेपेटी घेऊन ती बसली, ती बसलीच. तेव्हापासून दुपारचं जेवण एकत्र, संध्याकाळी टीव्ही एकत्र. ओदिलची गाडी ओढ्यावर ऐकू आली की फेर्नांद परसातून आपल्या घरी जायची, खुर्चीत बसायची आणि गुडघ्यांवर शाल घ्यायची.

"म्हणजे सहा वर्षं मी आले की तुम्ही पळत होतात," ओदिल म्हणाली.

"पळत नव्हते," फेर्नांद म्हणाली. "उतार आहे."

"पण लपवायचं कशाला? गावाला आनंदच झाला असता."

"पोरी," लेऑन्स म्हणाला, "आता बोलतो म्हणून सांगायचं, तर इतकी वर्षं का नाही बोललो तेही सांगावं लागलं असतं. आणि ते आम्हाला धड आठवत नाही."

"तीन वासरं मेली होती तुमची."

"दोन. तिसरं आधीच आजारी होतं."

"आणि केक?"

लेऑन्सने खिडकीबाहेर पाहिलं. "केक चांगला होता," तो म्हणाला.

त्या दिवशी ओदिलने दोन्ही घरांतलं काम नेहमीसारखं केलं. परतताना ओढ्याच्या पुलावर गाडी थांबवून ती बसून राहिली. दोन माणसं सुखात आहेत हे तिला कळत होतं, आणि त्याचं वाईट वाटण्यासारखं काही नाही हेही कळत होतं. तरी वाईट वाटत होतं. सहा वर्षं तिला वाटत होतं की त्या वाडीतल्या एकटेपणात आपण तेवढी एक खिडकी आहोत. प्रत्यक्षात ती गेली की त्यांचा दिवस सुरू होत होता. ती तिथे व्यत्यय होती, आणि त्यांनी तो चांगल्या मनाने सोसला होता.

संध्याकाळी व्हिर्जिनीचा फोन आला. "शांतमेर्लला सगळं ठीक?"

"ठीक."

"बोलतात का एकमेकांशी?"

"माझ्यासमोर तरी कधी नाही," ओदिल म्हणाली. हे मंगळवारपर्यंत खरं होतं.

शुक्रवारी वाडीच्या खालच्या वळणावर, जिथे दगडी क्रूस आहे, तिथे तिने हॉर्न वाजवला. मग मुद्दाम सावकाश वर गेली. लेऑन्स एकटा बसला होता. नंतर ती पलीकडे गेली तर फेर्नांद खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, आणि जोरजोरात धापा टाकत होती.

"बरं आहे ना?"

"कसलं बरं," फेर्नांद म्हणाली. "हलता येत नाही."

"दिसतंय ते," ओदिल म्हणाली.

मग ती सगळीकडेच हॉर्न वाजवायला लागली. मस्यू तिक्सिएंच्या फाटकाशी, गोठ्यांपाशी, चर्चच्या मागे. सरपंचांकडे तक्रारी गेल्या. सरकारने शांत गाडी दिली आणि ही बाई पूर्वीपेक्षा जास्त आवाज करते, असं लोकांचं म्हणणं होतं. सरपंचांनी तिला विचारलं.

"माणसाला जरा आवरायला वेळ मिळावा," ओदिल म्हणाली.

सरपंचांनी मान डोलावली. त्यानंतर त्यांच्या घरापाशीही तिने एकदा हॉर्न वाजवावा का, असं त्यांच्या बायकोने विचारल्याचं सांगतात.

हे असंच चाललं असतं. पण सरकारने आपल्या कचेऱ्यांनाही विजेच्या गाड्या द्यायला सुरुवात केली होती. ऑक्टोबरात जिल्ह्याच्या कचेरीतून मादाम तेस्सो दोन्ही म्हाताऱ्यांची पाहणी करायला आल्या. कोणाला किती मदतीची गरज आहे ते पाहून तास ठरवायचे, हे त्यांचं काम. दहा वाजता लेऑन्सकडे, अकरा वाजता फेर्नांदकडे, असं ठरलं होतं, आणि ओदिलनेही हजर राहायचं होतं. मादाम तेस्सो दहाला पाच मिनिटं असतानाच आल्या. त्या हॉर्न वाजवणाऱ्यांपैकी नव्हत्या.

ओदिलने क्रुसाच्या वळणावर रीतसर हॉर्न वाजवला, अंगणात आली आणि तिला दुसरी पांढरी गाडी दिसली. आत गेली तर फेर्नांद खुर्चीवर उभी, छताच्या तुळईला कांद्याच्या माळा टांगत होती. लेऑन्सने तिचे घोटे धरले होते. मादाम तेस्सो टेबलाशी बसून पेनचं टोपण शोधत होत्या.

"हॉर्न तुम्ही वाजवलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"का?"

"वळण आहे," ओदिल म्हणाली.

मादाम तेस्सो खुर्चीवरच्या बाईकडे वळल्या. "आपण कोण?"

"ब्रूस. फेर्नांद ब्रूस."

"तुमच्याकडे मी अकराला येणार आहे."

"या की," फेर्नांद वरूनच म्हणाली. "तोवर मी पोचते."

मादाम तेस्सो वाईट नव्हत्या. त्यांनी कॉफी घेतली, लेऑन्सचे गुडघे पाहिले, फेर्नांदला चालायला लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघं ठणठणीत आहात असं मी लिहिणार नाही. पण एकमेकांचं करता, हे लिहावं लागेल. दोन घरांना मिळून आठवड्यातून एक फेरी पुरे."

तेव्हा फेर्नांदने टेबलावर हात आपटला. "मी म्हटलं होतं याला. सापडलो की ओदिलचे तास जातील. बाई, तुम्हाला कापायचं असेल तर माझी औषधं कापा. हिच्या फेऱ्या कापू नका. हिला घरात दुसरं कोणी नाही. हिला त्या गाडीचं भाडं भरायचंय, आणि सरकारने सांगितलेले किलोमीटर भरायचेत."

"फेर्नांद," लेऑन्स म्हणाला.

"आता काय फेर्नांद. शाल घेऊन बसायला मला हौस होती का? जुलैत?"

ओदिल भिंतीला टेकून उभी होती. गाव काय म्हणेल म्हणून हे लपवतात, असं ती धरून चालली होती. गावामुळेही होतं ते. पण त्या वर्षी तिला दोन ठिकाणांहून सवलत मिळत होती, एक सरकारकडून आणि एक या दोघांकडून, आणि त्यातल्या एकीचा तिने अर्जही केलेला नव्हता. तिचे कान लाल झाले. तिने कॉफीचे कप उचलले आणि धुवायला घेतले. धुतलेले कप तिने परत धुतले.

तास कमी झाले ते झालेच. फेर्नांदने मग लपवण्यात अर्थ नाही असं ठरवलं आणि नाताळच्या आधी आपला पलंग, कोंबड्या आणि चाकांचा आधार घेऊन लेऑन्सकडे राहायला गेली. पलंग न्यायला सरपंच स्वतः आले. पठारावर दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. सरपंचांनी लेऑन्सला बाजूला घेऊन विचारलं की पंचायतीत येऊन रीतसर लग्न का लावत नाही.

"लग्न केलं तर तिला आमेची पेन्शन मिळायची बंद होईल," लेऑन्स म्हणाला. "तेव्हा त्याने माझं पाणी तोडलं. आता माझ्या चुलीतली लाकडं त्याच्या पैशाने येतात. फिटलं."

व्हिर्जिनीने ओदिलला पठाराच्या पार दुसऱ्या टोकाला एक निवृत्त पाद्री मिळवून दिले. ते दिवसभर बुद्धिबळ खेळतात आणि हरले की जेवत नाहीत. रस्ता शांतमेर्लच्या दुप्पट लांब, त्यामुळे किलोमीटरची चिंता उरली नाही. हिवाळ्यात गाडी चालली. उणे आठमध्ये ती जरा कमी पल्ला द्यायची, ओदिल गाडीतला हीटर बंद करून कोट घालून बसायची. सरपंचांना तिने हे सांगितलं नाही.

जानेवारीत एका गुरुवारी लेऑन्सचा फोन आला.

"पोरी, रविवारी काय करतेस?"

"काही नाही."

"मग जेवायला ये. बटाट्याचा टार्ट करतेय ती."

रविवारी ओदिल गेली. सोबत दारूची बाटली घेतली होती, आणि हात सवयीने मागच्या सीटवर गेला म्हणून एप्रनही. टेबलावर तिघांची पानं मांडली होती. पिठाच्या पारीत बटाटे भरून भाजलेला टार्ट मधोमध, वरून साय ओतलेली, कडेला जरा करपलेला. सिंकमध्ये सकाळची भांडी पडली होती. ओदिलने ती पाहिली, बाटली ठेवली, एप्रन गळ्यात अडकवला आणि नळ सोडला.

फेर्नांदने येऊन नळ बंद केला.

"बस गं," ती म्हणाली. "आज तुझे पैसे कोणी देत नाही."

ओदिल बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला थोडा वेळ समजेना. मग लेऑन्सने तिच्या हातात सुरी दिली आणि टार्ट कापायला सांगितलं, कारण फेर्नांद कापते ते तुकडे कधीच सारखे होत नाहीत. फेर्नांद म्हणाली, सारखेच होतात, तोच मोठा उचलतो. त्यावरून त्यांची जुंपली. ओदिलने टार्ट कापला, स्वतःला मधला तुकडा घेतला आणि दोघांना भांडू दिलं.